आडवी बाहुली

दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर,
तोळामाशाच्या काट्यावर तोलून.
काटा खालच्या पोतदारांचा, गुजरीतला जुना.
त्यांना आता नको होता.

ढवळायचं हळू,
तान्ह्याला झोपेत कूस बदलवतात तसं.
घाई केली की बुडबुडे,
आणि एक जरी आत राहिला
तर तो डोळा बघत नाही, नुसता चमकतो.

माझ्या खोलीत सतत कुणीतरी टक लावून असतं.
नाट्यस्पर्धेच्या घुबडाचे दोन,
हुपरीच्या अंगठ्यांसाठी मांजराचे बावीस,
एका राक्षसाचा तिसरा,
ज्याचे पैसे अजून यायचेत.
पांढऱ्यावरच्या शिरा
जुन्या गोंड्यातून उसवलेल्या लाल रेशमाच्या,
एकेक तंतू चिमट्याने.
रात्रभर न झोपलेल्या माणसाला सात पुरतात.
स्वतःच्या मोजल्यात, आरशात.

परवा दुंडाप्पा गवळी आले, गंगावेशीतले.
जिन्यावर वहाणांची करकर थांबली, मग आत.
मागे दारातच पारव्वा.
"म्हशीचा डोळा करता का ओ?
एकच पायजे. आमच्या हौसाचा."
फोटो होते, पाडव्याचे:
शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्या,
पाठीवर भादरून काढलेली वेलबुट्टी,
आणि डोळ्यांच्या जागी
फ्लॅशचे दोन हिरवे ठिपके.

मग तोंडी सांगू लागले.
काळा नव्हं. तपकिरी पण नव्हं.
चहा गाळल्यावर पातेल्याच्या तळाला
जे ऱ्हातंय बघा, तसा.
बाहुली आडवी, हे मला ठाऊक होतं.
"आणि डाव्या डोळ्यात फूल पडल्यालं,
तांदळाच्या कणीएवढं."
"उजव्या," दारातून पारव्वा.
"डाव्या."
"रोज म्होरं उभी ऱ्हाऊन पेंड घातलीया मी.
माझ्या उजव्या हाताला असायचं फूल."
"आणि मी सायलेन्सर काढून गाडी पळवलीया,
ती मागनं, मी आरशात बघत.
आरशात डावीकडं असायचं."

घुबडाचं मातीचं डोकं उचललं,
एका खोबणीवर टिकली चिकटवली.
पारव्वांना समोर उभं केलं,
दुंडाप्पांना पाठमोरं, हातात माझा आरसा.
दोघं एकाच डोळ्यावरून भांडत होते.
कोण किती वर्षं, ते मी विचारलं नाही.

पहिला डोळा फार नितळ निघाला.
दुंडाप्पांनी उलटा करून परत दिला:
"ही दुसऱ्याची कुणाची तरी."
दुसऱ्यात फूल ब्रशने काढलं,
ते वरच तरंगत राहिलं,
भिंतीवरच्या चुन्याच्या शिंतोड्यासारखं.
तिसऱ्याला दिव्याखाली धरून
नाकाकडच्या कोपऱ्यात
सुईच्या टोकाने एक बुडबुडा सोडला.
चौदा वर्षं हाकलत आले त्याला.
आता वर येऊ लागला की दाबायचा,
सरकला की परत ओढायचा.
रेझिन धरेपर्यंत पहाटेचे चार वाजले,
खाली पोतदारांच्या दारात
दुधाच्या किटल्या वाजू लागल्या.

दुंडाप्पांनी तो सदऱ्याला पुसला,
उजेडाकडे नेला, परत पुसला.
"पाण्यानं जायचा न्हाई न्हवं?"
नाही म्हणाले.
"रेडकीच्या कपाळपट्टीला लावतो. पट्टी हौसाचीच हाय.
गाडीच्या आवाजाला अजून बिचकतीया ती."

पैसे मोजले, दहा-दहाच्या नोटा,
दमट, दुधाचा वास असलेल्या.
निघताना पारव्वांनी टेबलाकडे पाहिलं,
घुबड, बावीस मांजरं, राक्षस,
आणि पदर डोक्यावर ओढून घेतला,
चार परक्या माणसांतून जाताना घेतात तसा.