मानशीवरची झोप

चोडणच्या मानशीवर मी एकतीस वर्षं काढली.
परगावच्या पाहुण्याला फोडून सांगावं लागतं :
मानस म्हणजे मन नव्हे हो,
बांधातलं दार. लाकडी, दोन फळ्यांचं.
ओहोटी लागली की खाजनातलं पाणी त्याला बाहेर लोटतं,
भरती आली की नदीच्याच रेट्यानं ते मिटतं.
मी आपला जाळं लावायचो, कंदील धरायचो
आणि पाणी सांगेल तेव्हा झोपायचो.
आज नवाला, उद्या दहाला दहा कमी असताना,
परवा त्याहून उशिरा.
चंद्राच्या हाताखाली नोकरी म्हणा.
तेव्हा कुणी विचारलं नाही, झोप लागते का.
चिखलाचे पाय गोणपाटाला पुसायचे,
आडवं व्हायचं,
झालं.

आता त्र्याहत्तर सरलं.
नऊच्या बातम्यांत मान खांद्यावर पडते.
प्रेमावती म्हणते, "उठा, आत जाऊन निजा."
आत जाऊन निजलो
की झोप बाहेरच्या खुर्चीतच बसून राहते.
साडेबाराला लघवी. दोनला पोटरीत गोळा.
तीनला तर काहीच कारण नाही,
तरी डोळे टक्क,
आणि वासे मोजून संपलेले.

आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची.
कागदावर लिहून दिलं तिनं :
चारनंतर चहा नाही. जेवण आठच्या आत.
उठायची वेळ रोज एकच.
खाट फक्त झोपायला,
काळजी करायची तर खुर्चीत बसून करा.
(हे मला आवडलं.)
वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा, फिरा.
आणि दुपारची झोप अर्धा तास, गजर लावून.
मी विचारलं, बाय, तुझं गाव कुठलं?
"मडगाव."
मग तूच सांग, हुमण-भात जेवल्यावर अर्धा तास म्हणजे
चप्पल काढून उंबऱ्यावर उभं राहणं नव्हे का?
हसली. पण खोडलं नाही.

पंधरा दिवस पाळलं सगळं.
पोटरी शहाणी झाली, साडेबाराही सरळ वागू लागला.
तीन काही हलेना.
तेव्हा एका रात्री कागदाप्रमाणे उठलो,
कानटोपी घातली, दार ओढून घेतलं.

पोदेराच्या भट्टीत आग होती.
समोर आनाक्लेतमाय दिव्याखाली
एकटीच पत्ते मांडत बसलेली.
कोपऱ्यावरच्या घरात शाबलो खोकत होता,
सावकाश, कुठं जायची घाई नसल्यासारखा.
म्हणजे अर्धा वाडा जागा,
आणि सकाळी दुकानावर प्रत्येक जण म्हणणार,
"मस्त झोपलो."
आनाक्लेतमायनं हात वर केला. मीही केला.
कोणी कोणाला काही विचारलं नाही.

बांधावरून पाय आपणच मानशीकडे वळले.
तिथं आता ओडिशाचा रंकनिधी असतो, वीस-बावीसचा.
तोंड उघडं, छातीवर मोबाईल चालू,
असा झोपलेला की हेवा वाटावा.
खाली ओहोटी संपली होती,
भरती अजून लागली नव्हती.
काळं पाणी मधल्यामध्ये उभं,
ना आत, ना बाहेर.
एकतीस वर्षं हे रोज पाहिलं मी;
पाणी अडलं म्हणून कधी कुणाला बोलावलं नाही.

जाळं मात्र तसंच राहिलेलं.
पोराला हाक मारायला तोंड उघडलं
आणि मिटलं. मीच ओढलं.
खांद्यानं शिवी घातली.
मूठभर सुंगटं, दोन शेवटे, एक बाटली.
मग दार आपसूक मिटलं : धप्प.
पोरगं कूस बदलून आणखी खोल गेलं.
त्याचा मोबाईल काढून बाजूला ठेवला.

घरी येऊन सोप्यावरच कलंडलो.
कागदावर सोप्याचं काही नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा ऊन गुडघ्यापर्यंत आलेलं.
पायाशी प्रेमावती,
माझा अंगठा मुठीत धरून उभी.
"काय गो?"
"काही नाही," म्हणाली, "पाव थंड झाले."
अंगठा मात्र
सोडला नाही.