सही

ऑगस्टच्या चौदा तारखेला, धावपट्टीकडेच्या शेडमध्ये
अदेरितु फाल्कांव विमानाच्या पोटाखाली उताणा पडला होता.
बाहेर एकेचाळीस अंश. पोर्तुगालचा सगळा धूर
जणू त्या एकाच डोंगरामागे.
दुआर्त, वैमानिक, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला :
"रंगाचा पोपडासुद्धा उडालेला नाही. बघ तरी."

तेच तर.
लोखंड तापलं की लाल होतं, बोंब मारतं.
हे ऍल्युमिनियम. हे चेहरा बदलत नाही.

पोलादाला एक उंबरठा असतो,
त्याच्या अलीकडचे धक्के ते पोटात घालतं.
याला पोटात घालणं ठाऊक नाही.
पाणी सोडताच पंख उसळतो, ती प्रत्येक उसळी
कुठेतरी बारीक अक्षरात मांडलेली.

आणि वरून आच.
कारखान्यात त्याला मुरवलं होतं
एकशेवीस अंशांवर, एक दिवस एक रात्र,
जस्त-मॅग्नेशियमचे कण इतके बारीक, इतके दाट
की घसरू पाहणाऱ्या थरांना वाट मिळू नये.
जुलैत एक्झॉस्टचा नळ चिरला,
फासळीला तीन आठवडे झळ लागली.
कणांनी कण गिळले.
उरले ते थोडे, गलेलठ्ठ, आणि मधे मोकळे बोळ.
आईच्या बरणीतले ऑलिव्ह असेच,
एक हिवाळा जास्त राहिले की
बोट लावताच सालीखाली सरकायचे.

यंत्राची सुई पुढे गेली.
मऊ पडलेल्या धातूतून वीज अधिक सहज वाहते,
जणू काही चांगलीच बातमी.

त्यानं सही केली नाही.

दुसरं विमान यायला चाळीस मिनिटं लागली.
तेवढ्यात वाले द मोराच्या वरची चेस्टनटची राई गेली,
मधमाश्यांच्या सोळा पेट्या,
आणि त्याच्या मेव्हण्याचा गोठा.
शेळ्या वाचल्या.

न तुटलेल्या पंखाचा पुरावा कुठून आणायचा?
मेव्हणा अजून विचारतो. तोंडानं नाही,
आपल्या कॉफीचे पैसे वेगळे मोजून.

फासळी भंगारात गेली, वितळली असेल.
कॅफेबाहेर यंदा नव्या खुर्च्या आल्यात,
हलक्या, चंदेरी, दुपारभर उन्हात.
अदेरितु आधी तळहात टेकवून बघतो.
चटका बसतो.
रंग तोच.
मग बसतो, अंमळ जपून,
सगळा भार एकदम न टाकता.