इतिवृत्तात न आलेलं

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं
कारण माझं अक्षर सुवाच्य आहे, आणि मी मध्ये बोलत नाही.
नायवाशा तळ्याकाठी गुलाबांचं पॅकहाऊस,
त्याच्या मागचं स्टोअर, तिथे टेबल, पाच खुर्च्या,
कायद्याची एक झेरॉक्स, कडा दुमडलेली,
आणि कोपऱ्यात खताच्या रिकाम्या गोण्या.
अंतर्गत समिती. पहिली बैठक.

तक्रारदार केरुबो न्यामवेया, ग्रेडिंग, वय एकोणतीस.
अंगठ्याला चिकटपट्टी. (हे लिहिलं नाही.)
तिनं आधी किसीत सांगितलं, मग स्वाहिलीत,
मी इंग्रजीत उतरवून घेतलं.
म्हणजे तिसऱ्या भांड्यात ओतेपर्यंत
जेवढं सांडायचं तेवढं सांडलं.

"कोल्ड रूममध्ये तो बादल्या मोजायला यायचा," ती म्हणाली,
"आणि मोजताना मलाही मोजायचा."
कंपनीचे वकील मुरीगी यांनी विचारलं,
नेमका किती जवळ?

आता, केरुबो अकरा वर्षं दांड्या निवडते आहे.
चाळीसच्या वेगळ्या, पन्नासच्या वेगळ्या, साठ, सत्तर.
फळीवरच्या खुणा तिनं कधीच बघणं सोडलं.
ती म्हणाली,
"आधी साठ. मग चाळीस.
फेब्रुवारीच्या ऑर्डरीत आम्ही रात्री दोनपर्यंत थांबतो,
लाल माल सगळा, युरोपात जाणारा.
तेव्हा शून्य."

मुरीगी हसले. अंदाजे ना, बाई?
तिनं त्यांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.
"साडेचौदा."
अध्यक्षा आपियो उठल्या, खणातून पट्टी काढली,
पेन टेबलावर आडवं ठेवलं.
साडेचौदा.
"आणि तुमच्या टायचं टोक टेबलापासून नऊ."
ते मात्र कुणी मोजलं नाही.

मी लिहिलं : तक्रारदाराने अंतर सांगितले.

कायद्यात एक शब्द आहे, नकोसे.
सगळं कलम त्या एका शब्दावर उभं,
एका पायाच्या स्टुलासारखं.
नको कुणाला, ते कळलं कसं, कुणाला कळलं?
"तुम्ही नाही म्हणालात का?"
केरुबो बराच वेळ गप्प.
बाहेर ट्रक मागे घेताना वाजत होता.
"मी बादली मध्ये ठेवली."
"पण तोंडानं?"
"बादली भरलेली होती. वीस लिटर.
एका हातानं उचलून ठेवली."

सुपरवायझर रोटिचचा फोन टेबलावर थरथरत
हळूहळू कडेकडे सरकत होता.
स्क्रीनवर 'घर' असं नाव. दोनदा आलं.
त्यानं तो उचलला नाही, बंदही केला नाही.
हे लिहायला रकाना नव्हता.

बादलीला नकार म्हणायचं का,
यावर चाळीस मिनिटं गेली.
शेवटी आपियो म्हणाल्या, बादली लिहा.
मी लिहिली. खाली रेघ मारली.
रेघ मारायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

निकाल तीन आठवड्यांनी.
तोवर रोटिच नऊ नंबरच्या ग्रीनहाऊसला, पूर्ण पगारी,
तिथेही बायकाच आहेत.
केरुबो फळीसमोर उभी असते.
जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाकावर आता जागा असते,
पूर्वी नसायची.

काल मी तिथे जाऊन बसले. काही बोलले नाही.
माझ्या डोक्यात जुनं हिशेबाचं ऑफिस,
माझी खुर्ची, मागे फाइलींचं कपाट,
आणि जो आता हॉलंडला बदलून गेला
त्याचा माझ्या मानेवरचा श्वास.
मी इतकी वर्षं ते 'गर्दीची जागा' म्हणत आले,
खोलीत आम्ही दोघंच असायचो तरी.

तक्रारीचा एक कोरा अर्ज
मी स्टोअरमधून निघताना उचलला.
चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलाय,
दाराच्या किल्लीशेजारी.
केरुबोनं डबा माझ्याकडे सरकवला, उकडलेलं रताळं होतं,
आणि न बघताच म्हणाली,
"जरा जवळ सरक, ऊन लागतंय तुला."

मी सरकले.
किती, ते तिला माहीत.