पंख्याचा हूक

नोटिशीत तिसरा विषय होता पंखा.
मल्लव्वा शिपाईण ती घेऊन आली तेव्हा
मी शेगडीजवळ, पोर सोळा दिवसांची,
खोलीभर ओव्याचा धूर.
सही कर म्हणाली, कन्नडात.
केली मी, मराठीत.

मॅडमना विचारून ये म्हटलं, रजा मिळते काय?
ती उन्हातून परत आली,
चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी:
'रजे इल्लंत्री.'

रजा. रजे.
पाटीवरच्या अक्षरांना
दोनदा डांबर फासलेलं आमचं गाव,
तिथं हा शब्द कधीचा ये-जा करतोय,
कुणी अडवला नाही.
सभा, सभे. ठराव, ठरावु.
माझ्या नावापुढं मात्र
कुठल्याच भाषेत तो बसेना.
नोकर नाही, म्हणून रजा नाही.
सदस्य आहे, म्हणून गैरहजेरी आहे.
ओळीनं सभा चुकल्या तर खुर्ची जाते,
मॅडमनी फोनवर वाचून दाखवलं, अवघडून.
त्यांचं स्वतःचं पोर बैलहोंगलला, सासूजवळ.

म्हणून गेले.
एकोणीस पायऱ्या. टाके ओले.
कानाला स्कार्फ, पोटाला घट्ट जुनं लुगडं.
हॉल वर, संडास खाली,
संडासाची किल्ली वॉटरमनकडं,
वॉटरमन जांबोटीला.
हे काही नवं नाही.
आठव्या महिन्यात, पाणीपट्टी चालू असताना
मी तिसऱ्यांदा उठले, तेव्हा
मष्णूकाका म्हणाले, 'बॉयकॉट करालीस काय गे?'
सगळे हसले.
मीही हसले, जपून,
हसणंसुद्धा तेव्हा परवडत नव्हतं.

आज काका म्हणाले,
'आमची आई रोप लावताना बाळंत झाली,
सांजेला परत चिखलात.'
मी विचारलं, कितवं ते?
त्यांनी बोटं मोजली. करंगळीवर थांबले.
'ते जगलं नाही,' म्हणाले,
आणि चहाची बशी उगाच फिरवत बसले.

पहिला विषय: दिवाबत्ती. पोर झोपलेली.
दुसरा विषय: गटार. पोर उठली.
मी घरपट्टीच्या गठ्ठ्यांआड,
भिंतीकडं तोंड करून पाजत बसले,
पाठीमागून मतदान.
'प्रमिला घाडी, बाजूनं की विरोधात?'
गटाराच्या बाजूनं, मी भिंतीला सांगितलं.
भिंतीवर सत्त्याऐंशी सालचा कर थकलेल्यांची यादी,
तिच्यात माझे आजेसासरे.

मग मल्लव्वानं वर बघितलं.
छताला हूक. पंखा नाही.
दुरुस्तीला खानापूरला गेलाय दोन वर्षांमागं,
अजून तिथंच फिरतोय म्हणतात.
ती काही बोलली नाही.
पिशवीतून विटलेली इरकल साडी काढली,
अध्यक्षांची रिकामी खुर्ची ओढली,
चढली, गाठ मारली,
स्वतः लोंबकळून बघितली एकदा,
आणि हात पुढं केले. आण.

तिसरा विषय.
पंखा आणणे, खर्च रुपये नऊशे.
उकाडा होता, सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले.
कुणीतरी वर बघितलं.
मग दुसऱ्यानं.
साडी मागं-पुढं होत होती, टाचेएवढी फट,
तिच्यातून एक टाच.
हात वर करा म्हणाल्या मॅडम.
माझ्या हातात तर दोरी.
मष्णूकाकांनी टोपी काढून वारा घेतला.
'राहू दे गा. थंडीच येवालीय आता.'
चैत्र होता.

मॅडमनी लिहिलं.
मी अक्षर अक्षर जुळवत वाचलं,
नवऱ्याला न विचारता, पहिल्यांदाच:
मुं-दि-न स-भे.
पुढची सभा.
पंखा तहकूब.
पाळण्याचं कुठं काही लिहिलेलं नव्हतं.

उतरताना पायऱ्या मोजल्या नाहीत.
खाली मल्लव्वा दाराला कुलूप लावत होती.
साडी माझ्या काखेत, ओली,
एका कोपऱ्यात पिवळी.
घे म्हटलं.
तिनं हात मागं घेतला.
म्हणाली, धुऊन आण.