पायाशी रेघ

तार्तूत हिवाळ्यात साडेतीनलाच दिवे लागतात.
काइदीच्या टेबलावर एका खेड्यातल्या शाळेचं हजेरीपुस्तक,
सन अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास, कडा उंदरांनी कुरतडलेल्या,
आणि शेजारी एंडेल, वय पंच्याऐंशी,
चष्मा कपाळावर, जुनं अक्षर लावून द्यायला आलेला.

रकाने चार.
नाव. वर्ग. कुठून, म्हणजे कुठल्या शेतावरून.
चौथा बाईंनी स्वतः पट्टी धरून
पेन्सिलीनं आखलाय,
मार्चमध्ये मालगाड्या येऊन गेल्यानंतर कधीतरी:
परत.

हेच चार रकाने प्रोग्रॅममध्ये मांडायचे.
नावं इंग्रजीत हवीत, हेलसिंकीहून तसा नमुना आलाय.
काइदी लिहिते क्लास. यंत्र अडतं.
हा शब्द राखीव आहे.
फ्रॉम. राखीव.
रिटर्न. तोही.

शब्दाला कसलं आलंय आरक्षण, एंडेल विचारतो.
ती सांगते, हे यंत्राचे घरचे शब्द.
आपण नाव म्हणून घेतले तरी त्याला हुकूमच ऐकू येतो.
रिटर्न म्हटलं, की हाती असेल ते घेऊन
ते आल्या पावली मागे फिरतं.
‘कुणाला न विचारता?’
‘कुणाला न विचारता.’
‘नशीबवान आहे,’ एंडेल म्हणतो.

(काइदीनं मला हे सांगितलं तेव्हा
मला माझी एक आत्या आठवली.
नवऱ्याचं नाव सोनू, आणि नाव तर घ्यायचं नाही,
म्हणून सोन्याला ती जन्मभर पिवळं म्हणाली.
सराफालाही समजायचं.)

पहिली अडचण सुटते.
क्लासमधला सी काढून के घालायचा,
जगभरचे प्रोग्रॅमर असंच जाणूनबुजून चुकतात.
काइदीही चुकली, पण चूक काही निघेना:
तिच्या भाषेत वर्ग असाच लिहितात, के घालून.
बाईंच्या शाईतही तो तसाच.

उरलेल्या दोघांच्या पायाशी
ती एकेक आडवी रेघ ओढते. रीतच आहे तशी,
शब्द तोच ठेवायचा, मागे थोडी रेघ.
एंडेल वाकून बघतो.
‘अर्जावर सहीसाठी सोडतात तशी.’
मग बराच वेळ काही बोलत नाही.

‘तिकडे आमच्यातही तो शब्द राखीवच होता.
परत जाऊ, असं आई कधी म्हणाली नाही.
म्हणायची, फाटक दुरुस्त करू तेव्हा.
फाटक दुरुस्त करू तेव्हा तुला बूट घेऊ.
फाटक दुरुस्त करू तेव्हा
शाळेतलं राहिलेलं पुस्तक देऊन येऊ.’

नोंदी चढतात.
लेइडा, दुसरी, तम्मे शेतावरून. परत, छप्पन्न.
हाराल्ड, चौथी. परत, कोरं.
हिल्या, पहिली, हिचं आडनाव उंदरांनी खाल्लंय,
एंडेलला ते पाठ आहे. परत, कोरं.
कोऱ्या जागी काय लिहू, काइदी विचारते.
काही नको, तो म्हणतो. बाईंनी नाही लिहिलं.

मग एकोणिसावी ओळ.
एंडेल, तिसरी, कुसिकू शेतावरून.
ती थांबते. तो चष्मा खाली ओढतो.
‘सत्तावन्न घाल. सप्टेंबर.’
आणि विचारलं नसताना:
‘घरात दुसरे लोक होते.
फाटक जुनंच. तितकंच वाकडं.’

ती कळ दाबते.
या वेळी यंत्र अडत नाही.