तीनाचा आठ

देवळाली कॅम्पात, निलगिरीखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये
एकावन्न सालची प्लायमाउथ.
मागच्या सीटवर मांजर व्यालेलं,
म्हणून आलूबाई सेठनांनी मला पंधरा दिवस थांबवलं :
"पिल्लांचे डोळे उघडू दे, मग किंमत कर."

मी सर्व्हेअर. आजवर किंमत केली ती
जळलेल्या बसची, दरीतल्या ट्रकची,
पिंपळगावहून निघून आडगावला उलटलेल्या
टोमॅटोच्या पिकअपची.
ही पहिलीच, जिला घरातलं कोणी
गेलेली मानत नव्हतं.

फॉर्म तोच, रकाने तेच.
रंग : कागदावर हिरवा.
हिरव्यावर निळा, निळ्यावर क्रीम
(लग्नांना भाड्याने दिली त्या दोन वर्षांतला),
क्रीमवर घरीच ब्रशने फासलेला मरून.
इंजिन :
इथे पेन थांबलं.
बॉनेटखाली पर्किन्स. डिझेल.
पेट्रोल परवडेना तेव्हा बसवलेलं,
हरणाच्या छातीत म्हशीचं काळीज.

पुण्याचं गिऱ्हाईक फोनवर म्हणालं,
मूळ इंजिन असेल तर अठरा, नसेल तर सहा.
लाख हा शब्द त्याने उच्चारलासुद्धा नाही.

"ते निजामपूरकरला ठाऊक," आलूबाई म्हणाल्या.

बाळकृष्ण निजामपूरकर, तांबट आळी.
बंब अजून घडवतो, वर्षाला तीन.
बाकी वेळ मडगार्डं.
"पत्रा तो पत्रा. चुकीचा ठोका
बंबालाही आठवतो, गाडीलाही."
शेडमध्ये आला, डोळे मिटले,
ताप बघावा तसा तळवा फिरवत गेला.
इथे पुट्टी. इथेपण. हा दरवाजा तिचा नाही.
मी लिहीत गेले.
त्याच्या दर वाक्याला पंचवीस हजार कमी.

इंजिन निघालं निफाडजवळ, रायत्यांच्या बंद गिरणीत.
रॉकेल पिऊन त्याने वीस वर्षं बाजरी दळली होती.
पोत्यांमागे होतं,
अंगावर पिठाचा एवढा थर
की आधी मला ती पोत्यांचीच रास वाटली.
बाळकृष्णने फुंकर घातली, पदर मागितला,
मी रुमाल दिला.
तो नंबर मोठ्याने वाचत गेला,
मी आरसी बुकाशी ताडत गेले.
जुळतोय.
जुळतोय.
शेवटचा आकडा : तीन.
कागदावर आठ.

कुणीच बोललं नाही. पाल चुकचुकली,
तीही एकदाच.

मग धाकटे रायते म्हणाले, "त्यात काय?
तीनाचा आठ करायला दोन ठोके."
आणि आम्ही सगळे ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे बघितलं.
हा हात अर्ध्या नाशिकच्या भांड्यांवर
नावं घालून बसलेला,
आहेराच्या पातेल्यावर तारखेसकट अख्खं घराणं
चहा निवायच्या आत टिंबाटिंबांनी उतरवणारा.
पोगर त्याच्या खिशातच होता.
बारा लाखांचे दोन ठोके.
मी खिडकीबाहेर द्राक्षाचे मांडव बघत राहिले.
खोटं कशाला, मला ऐकू यायला हवे होते.

"नाव घालायच्या आधी," तो म्हणाला,
"भांडं कुणाचं, ते विचारतो मी."
आणि रुमाल घडी करून परत दिला.
पिठासकट.

संध्याकाळी आलूबाईंना सांगितलं.
आधी हसल्या, मग खोकल्या, मग पुन्हा हसल्या.
"अर्ज जालने भरलेला. कारकुनाने बघून उतरवला.
अगं, जालचा तीन!
दूधवाला रोज आठ बाटल्या ठेवून जायचा.
दोन महिने आम्ही कस्टर्डच खाल्लं."
कपाटातून बिस्किटाचा डबा काढला,
डब्यातून दुधाचं कार्ड, कडा उंदराने कुरतडलेल्या,
त्यावर फिकट शाईत रोजचा एकच आकडा.

पुराव्याच्या रकान्यात
दूध कुठे लिहायचं, मला माहीत नाही.
रिपोर्ट अजून पर्समध्ये आहे.
एक पिल्लू माझ्या चपलेशी झोंबत होतं,
आणि आलूबाई बोट ठेवून म्हणत होत्या,
"बघ, हा तीन. हापण तीन. दिसला?"

मी चष्मा पुसून पाहिलं.
मला तो आठच दिसला.