चेंडू घासणारा

नवा चेंडू मेणचट असतो, हातात ठरत नाही.
आधी घोड्याच्या केसांचा ब्रश, मग ओलं फडकं, पुन्हा ब्रश.
एकेका चेंडूला पाऊण तास.
सत्तावीस वर्षं मी हेच करतोय
डुलूथच्या स्टेडियमखाली, बॉयलरशेजारच्या खोलीत.

सुरुवातीच्या दहा वर्षांत चार क्वार्टरबॅक होऊन गेले.
हाती येईल तो चेंडू ते फेकत.
मालकाच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता,
त्यावर गुडघ्यांवर हात ठेवून बसत,
बोलावलं की आत जात.
तो बाक आता माझ्याकडे आहे. त्यावर हेल्मेटं वाळतात.

कॉर्बिन हॅल्व्हर्सन आला आणि आम्ही जिंकू लागलो.
हे आधी सांगायला हवं, नाहीतर बाकीचं खोटं होईल.
चाळीस यार्डांवर जीव खाऊन पळणाऱ्या पोराच्या ओंजळीत
तो चेंडू असा ठेवायचा
की पोराला बोटंसुद्धा मिटावी लागू नयेत.
गावानं कर्ज काढून स्टेडियमवर छप्पर घातलं.
माझा पगार दोनदा वाढला.

मग एका जानेवारीत कोच गेला.
त्याच्या जागेसाठी सातजण आले, कडक इस्त्रीचे.
सातांना प्रश्न एकच: कॉर्बिनसाठी काय कराल?
कॉर्बिन त्या खोलीत नव्हताच,
तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला होता.
त्याची खुर्ची तेवढी मांडलेली.
सातही जण त्या खुर्चीकडे बघून बोलले.
कॉफी मीच नेत होतो, म्हणून ठाऊक.

राजा बोले, दळ हाले, म्हणतात.
आमचा राजा बोलतच नाही.
खाकरतो,
आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी टेबल आवरू लागतं.

इओसेफा लेआटाउआ नऊ वर्षं त्याच्या पुढ्यात वाकून उभा राहिला.
पायांमधून चेंडू मागे द्यायचा
आणि पुढच्याच क्षणी दीड-दीडशे किलोची माणसं
छातीवर घ्यायची, हे त्याचं काम.
घामट माणूस. हिमवर्षावातही पाठ निथळायची.
कॉर्बिनचे हात कोरडे राहावेत म्हणून
त्याच्या विजारीला आतून मी टॉवेल शिवून द्यायचो.
दोघं त्यावरून हसायचे.
नऊ वर्षं त्याच एका विनोदावर.

नोव्हेंबरात एकदा, इथंच, केळं सोलता सोलता
कॉर्बिन म्हणाला, "आज चेंडू जरा ओला येत होता."
केळं खाल्लं, साल टोपलीत टाकली, गेला.

मार्चमध्ये जनरल मॅनेजर खाली उतरला.
या खोलीचा रस्ता त्याला विचारावा लागला होता.
हेल्मेटं सरकवून बाकावर बसला.
"व्हर्न, तुझ्याशी तो बोलतो. काय म्हणतो हल्ली?"
सत्तावीस वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं.
ब्रश खाली ठेवून
मी सांगितलं.

जर्सीवरची नावाची पट्टी उसवायला पाच मिनिटं पुरतात.
मला वीस लागली. दुहेरी टाके मीच घातले होते.
लॉकर रिकामं करायला त्याची बायको आली.
तो गाडीतच थांबला, इंजिन चालू ठेवून.
टॉवेल तिनं मला परत दिले, धुऊन, घडी घालून.

जुलैत कॉर्बिन खाली आला. उन्हानं रापलेला.
"इओसेफाला कुणी काढलं?"
खरंच विचारत होता. त्याला ठाऊक नव्हतं.
मी बाकाकडे बघितलं.
"वरून ठरलं."
"मला विचारायला हवं होतं त्यांनी," तो म्हणाला.
बराच वेळ उभा राहिला.
मग बारांतला एक चेंडू उचलला,
शिवणीवरून अंगठा फिरवला,
"हा बरा आहे."

कोणता, ते मी वहीत लिहून ठेवलं.